समास

शरणपूरला साडेपाचला उठते,
दूधवाल्याच्या किटलीआधी.
चष्मा, पेन्सिल, कोरा चहा.
आजचा भाग: योहान, द्राक्षवेल.

समासात माझंच अक्षर.
चौऱ्याण्णव सालचं, हिरव्या शाईत: समजलं.
अकराच्या जूनमधलं, आमचा अमोस गेला तेव्हाचं,
नुसतं प्रश्नचिन्ह,
पलीकडच्या पानावर उमटेल इतकं दाबलेलं.
तेव्हापासून हा अध्याय आला की
पटकन पान उलटते,
उधारीवाला दिसल्यावर गल्ली बदलावी तसं.

गेल्या एप्रिलात पिंपळगावला गेले, ओबेदच्या मळ्यात.
खरड छाटणी चालली होती.
बाग कसली, नुसती खोडं आणि तारा,
कापल्या जागी थेंब थेंब पाणी.
म्हटलं, एवढं कापतोस?
त्याने कात्री पँटला पुसली.
"ही काडीसाठी, आत्या.
घडासाठी ऑक्टोबरात परत.
कुठल्या डोळ्यावर थांबायचं
ते हाताला कळावं लागतं."
आणि पाण्याची मोटर बघायला गेला.
मी तिथेच उभी. चपलेत माती.

आज पान उलटलं नाही.
माळ्याबद्दल माझी तक्रार आहे, अजून आहे,
ती त्यालाच सांगितली,
भिंतीपलीकडे पाटोळेबाई खोकल्या इतक्या मोठ्याने.
उत्तर आलं, असं म्हणणार नाही.
चहावर साय धरावी तशी
खोलीत शांतता धरली, एवढंच.

प्रश्नचिन्ह खोडलं नाही.
त्याच्या खाली तारीख घातली, पेन्सिलीने,
आणि लिहिलं: थेंब पाहिले.

खाली किटली वाजली.
पातेलं विसळायचं राहिलंच होतं.