साडेएकवीस ग्रॅम

सेलूच्या सराफा गल्लीत, उदावंतांच्या काट्यावर
काचेच्या पेटीत विमान मावेना,
तेव्हा त्यांनी झाकण काढलं, पंखा बंद केला
आणि आम्ही तिघांनी श्वास धरला.
चोवीस पूर्णांक तीन.
संघप्रियाचा चेहरा उतरला.
उदावंत चष्म्यावरून म्हणाले,
"चाळीस वर्षं झाली इथं बसून.
कमी भरावं म्हणून रडकुंडीला आलेलं गिऱ्हाईक
पहिल्यांदाच बघायलोय."

मी मांडवांसाठी थर्माकोलची अक्षरं कापतो.
शुभविवाह, सुस्वागतम, कधी नुसतं चि. आणि चि. सौ. कां.
पंख निघाला वालूरच्या एका लग्नाच्या पाटीतून.
नवरदेवाचं आडनाव लांब, म्हणून पाटी लांब.
तिच्यावरची चमकी पोरीनं नखानं खरवडली,
दोन संध्याकाळी.
"चमकीला वजन असतं, मामा."

नळी उदबत्तीच्या पुड्याची.
कणा खराट्याच्या तीन हिरांचा, दोऱ्यानं आवळलेला.
शेपटी फराळाच्या डिशची.
फेविकॉल काडीच्या टोकानं, टिपक्यापुरता.
सगळं मिळून एकतीस रुपये.
इंजिन तेवढं महाग, पुण्याहून कुरिअरनं आलेलं, अंगठ्याएवढं.
ते ताईनं भिशीच्या पैशातून घेऊन दिलं.
"एकदाच पेटतं?" एवढंच विचारलं तिनं.
"हो."
"मग नीट पेटवा."

घरी परत कात्री.
शेपटीला खिडक्या पाडल्या,
पंखाच्या कडा काचकागदावर झिजवल्या.
हरवलंच तर म्हणून पंखाखाली मी माझा मोबाइल नंबर लिहिला होता,
तिनं तोही खरवडून काढला.
"दहा आकडे म्हणजे शाईच की."
दुसऱ्या दिवशी काट्यावर साडेएकवीस.
उदावंतांनी सवयीनं पावती फाडली.

मग ती दोन बोटांच्या टोकांवर ते तोलत बसली.
इंजिनासकट नाक खाली झुकायला हवं,
इंजिन सुटल्यावर सरळ.
ज्वारीच्या दाण्याएवढी काळी माती
नाकाला लावायची, काढायची, अर्धी करायची, परत लावायची.
गच्चीवरून हातानं सोडून बघितलं
तर कोलांटी खाऊन शेजारच्यांच्या पापडात.
अजून अर्धा दाणा.

बंद जिनिंगच्या मागचं रान, जानेवारी.
तूर निघालेली, ढेकळं उघडी.
नऊला जायचं होतं, गाडीची बॅटरी सुटेस्तोवर अकरा वाजले.
जुन्या एरियलची सळई रोवली, वायर लांब ओढली.
मी "तीन" म्हणायच्या आत तिनं बटण दाबलं.

उतू गेलेलं दूध निखाऱ्यावर पडावं
तसा आवाज, आणि सळई रिकामी.
वर, पार वर, एक फट्,
कुणी बोट मोडावं एवढंच.
इंजिन निसटलं
आणि लाल रिबिन हलवत आमच्याकडं यायला लागलं.

विमान नाही आलं.
ते वळलं. मोठं, बिनघाईचं वळण.
काळं रान तापलं होतं आणि त्याची ऊब वर निघाली होती,
हे आम्हाला कुठं ठाऊक!
दुसऱ्या वळणाला ते आणखी उंच.
एक घार बाजूनं फिरून गेली, तिला काही वाटलं नाही.
"मामा, हे उतरंना."
रूळ ओलांडून मानवत रोडच्या अंगाला
ते तीळ झालं,
मग तीळही नाही, तरी मी तिकडंच बघत होतो.

दुपारभर पऱ्हाट्यांतून हिंडलो.
एका म्हाताऱ्यानं हटकलं, "काय हुडकायलाव?"
"विमान."
"कवढं?"
तिनं दोन्ही हात पसरले,
मग थोडे जवळ आणले, खोटं नको म्हणून.

ती पावती आता तिच्या कंपासपेटीत असते.
मालाचे नाव: विमान. वजन: साडेएकवीस ग्रॅम.
भावाच्या रकान्यात आडवी रेघ.
शुद्धतेच्या रकान्यात उदावंतांनी काहीतरी लिहून
खोडलंय,
उजेडात धरलं तरी वाचता येत नाही.