चौथं टेकाड

टॉलिव्हर स्विच. ज्याचं नाव गावाला, तो टॉलिव्हर
इथे कधी उतरलाच नाही म्हणतात.
डब्याच्या खिडकीतून बोट दाखवलं त्यानं:
इथे एक बाजूचा रूळ टाका, इंजिनाला पाणी लागेल.
आणि पेला तोंडाला लावला.
एवढ्यावर गाव वसलं.

मिसिसिपीच्या त्या सपाटीत
जिथे गाय बसली तरी चढ वाटावा,
चार टेकाडं होती मातीची.
कुणी रचली, कंत्राटदारानं विचारलं नाही.
त्याला दलदलीतून अकरा मैल भराव हवा होता
आणि दगड दूर होता.
सगळ्यांत उंच टेकाड त्यानं वहीत मांडलं:
इतके घनफूट, इतकी खेचरं, इतकी माणसं.

माणसं तुरुंगातून भाड्यानं आणलेली.
त्यांत माझ्या वडिलांचा आजा, आयझम टार्प्ली,
डुक्कर चोरल्याबद्दल तीन वर्षं.
डुक्कर खरंच चोरलं होतं का,
यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

तो फार बोलायचा नाही. उरलंय ते एवढंच:
कुदळीनं टेकाडाची कूस उघडी पडली
तेव्हा आत माती एकसारखी नव्हती.
काळा डाग, त्याला चिकटून पिवळा,
मग राखेचा, मग पुन्हा काळा,
आणि प्रत्येक डाग एका पाटीएवढा.
कुणीतरी आणून ओतली होती
आणि मान चोळत दुसरी आणायला गेलं होतं.
हातगाड्या चिखलात रुतायच्या,
म्हणून आयझमच्या डोक्यावरही पाटीच.
त्यांचंच ओझं, म्हणायचा, फक्त उलट्या दिशेनं.

मग स्टेशन आलं. गावाला नाव मिळालं
तेही पाटीवरच, पांढऱ्यावर काळं.
कापसाच्या गाठी आल्या, क्वॉन फेचं दुकान आलं,
रॉकेल, चरबी, उधारीची लाल वही.
दोन चर्च आली, एकमेकांकडे पाठ करून.

सत्तावीस साली नदीनं बांध फोडला.
गोरे लोक उरलेल्या तीन टेकाडांवर गेले, तंबू घेऊन.
आम्हांला भरावावर ठेवलं:
आठ फूट रुंदी, दोन्हीकडे पाणी,
शेळ्या, खेचरं, कुणाचा तरी पियानो.
नवव्या मैलावर, दोन रुळांच्या मध्ये
मॉझेल बाळंत झाली.
पोराचं बारशाचं नाव कुणाला आठवत नाही,
म्हातारा होऊन मेला तरी नऊमैलच होता.

अठ्ठावन्नला शेवटची पॅसेंजर गेली.
एक्याऐंशीत रूळ उपटून भंगारात.
स्टेशन आता म्युझियम आहे, चावी माझ्याकडे,
काचेची दोन कपाटं, एक कंदील,
आणि एक शिट्टी जी पोरं वाजवतात, मी नको म्हटलं तरी.

मागच्या मार्चात ओक्लाहोमाहून ओलीटा बॅटीस्ट आली.
तिच्या चोक्टॉ माणसांना या राज्यातून
पायी हाकललं होतं, गाडी यायच्या कितीतरी आधी.
मी नेहमीचं सांगितलं: टेकाडं तीन,
चौथं रेल्वेनं खाल्लं.
तिनं तिन्हींकडे पाहिलं, मान हलवली,
आणि बूट काढून भरावावर चालू लागली.
खाल्लं कुठे, म्हणाली, आडवं झोपवलंय.

मी मागून गेले. गुडघा दुखत होता, तरी गेले.
नवव्या मैलापाशी मुंग्यांनी माती वर काढलेली,
काळी, पिवळी, राखेची.
त्यात खापरीचा तुकडा,
काठावर कुणाच्या तरी नखाची खूण.
तिनं आपलं नख त्यात बसवून पाहिलं.
बसलं नाही. माझंही नाही.
तिनं तुकडा होता तिथेच ठेवला,
वर थोडी माती सारली.

स्टेशनातल्या फलकावर अजून तीनच आहे.
रंगाचा डबा मागच्या खोलीत आहे.
झाकण गंजलंय, निघत नाही.