दोन फुल्या

डिचोलीच्या पतसंस्थेत सकाळी साडेनऊला
पुढच्या चार खिडक्या चालू, मागची तीन मशीनं हटून बसलेली.
पुढे विंडोज, मागे लिनक्स,
एकाच घरात दोन लिप्या असाव्यात तसं;
माणसांची नोंदवही मात्र एकच,
वरच्या मजल्यावर, कपाटाएवढ्या सर्व्हरात.

"पासवर्ड चुकीचा," मशीन म्हणतं.
बहुतेकदा तो चुकलेला नसतो.
त्याला एवढं एकच वाक्य शिकवलंय:
वाट चुकली तरी तेच, वही सापडली नाही तरी तेच.

मी आधी केबल बघितली. मग सर्व्हरचा पत्ता.
मग, फार उशिरा, घड्याळ.
मागची मशीनं सात मिनिटं मागे होती.
रात्री वीज गेली, आणि ज्याच्याकडून ती वेळ घेतात
त्याच्यातला बटणाएवढा सेल मेलेला.
वही तिकीट देते, पण वेळेत पाच मिनिटांहून जास्त
फरक असला की तोंड फिरवते.
ती गोव्यात आहे हे तिला कुणी सांगितलं नसावं.

सेल बदलला. वेळ जुळली.
लोर्ना आत गेली. हळर्णकर आत गेला, तोंडात उंडा तसाच.
शाबा शेट बाहेर.

त्यांचा जन्म मुक्तीच्या आदल्या महिन्यातला.
नोंदणीच्या कारकुनानं पोर्तुगीज कानांनी ऐकलं
आणि नावाला एक एक्स लावला, आडनावाला एक.
शाळेत बाकावरची पोरं विचारायची,
दोन्ही उत्तरं चुकली काय रे?
साठीला आल्यावर, मुलाच्या हट्टानं, प्रतिज्ञापत्र केलं;
फुल्यांच्या जागी एस-एच आले.

वहीत कुणीतरी वरचं नाव बदललं होतं.
खालचं, ज्यानं आत शिरतात ते, जुनंच.
विंडोज दोन्ही हाकांना ओ देत होतं,
अक्षरं मोठी की लहान, तेही बघत नव्हतं.
लिनक्सनं अक्षर न् अक्षर तपासलं:
असा कुणी नाही.

"बाय, हांव हांगा आसां मरे," शाबा म्हणाले,
खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल सारखा करत.

खालचं नाव बदललं. मशीनची साठवलेली आठवण पुसली;
नाही पुसली तर ते कालचंच उत्तर देत राहतं.
त्यांनी एका बोटानं पासवर्ड घातला.
मी कॅलेंडरकडे बघत राहिले.

उघडलं. आत काही नव्हतं.
नव्या नावाचं नवं घर, निळा पडदा, कोरा.
चौदा वर्षांच्या थकबाकीच्या याद्या,
चवथीच्या माटोळीचा एक फोटो,
सगळं जुन्या नावाच्या फोल्डरात.
त्यावर दोन्ही फुल्या, आणि मालकाच्या रकान्यात
नवं नाव, आपसूक लागलेलं.
खालचा आकडा दोन्ही नावांचा एकच होता,
तो कुणी हलवला नव्हता.

"फोल्डरचं नाव पण बदलू?"
ते पडद्याकडे बघत राहिले, बराच वेळ.
"तें तशेंच उरूं दी."

मी फक्त एक वाट जोडून दिली,
नव्या घरातून जुन्यात.
जिन्यात लोर्ना भेटली:
प्रिंटर पण येत नाही म्हणे, कालपासून.