अर्धा क

ग्रामपंचायतीतल्या खुर्चीवर बसलं
की माझे पाय फरशीला टेकत नाहीत.
तरी खुर्ची माझीच आहे.
ग्राम बाल संरक्षण समिती,
मुलांमधली सदस्य: तनुजा दिनकर बाबर, सातवी.
तू म्हणशील, पोरांचं काय काम तिथं?
मलाही वाटलेलं, बिस्किटं खायची असतील.

पहिल्या बैठकीत तेवढंच केलं.
पोलीस पाटलांनी चहा बशीत ओतला,
सरपंचबाई म्हणाल्या, "गावात सगळं ठीक ना?"
सगळे म्हणाले, ठीक. मीपण.
मग रजिस्टरात आयुष्यातली पहिली सही केली,
रकान्यात मावलीच नाही.

मार्चात आमच्या तासगावकडं
बेदाण्याची शेडं भरतात.
जाळ्यांवर जाळ्या, त्यांवर द्राक्षं,
गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरतात.
जतकडून आलेल्या बायका काड्या निवडत होत्या
आणि त्यांच्या ओळीत एक पाठ फार लहान होती.
बिराप्पा. नऊ वर्षांचा.
बोटं चिकट, बोटांवर माश्या.
खोका पुढं करून म्हणाला,
"अक्का, ह्याच्यावर काय लिवलंय?"

सकाळी सातपासून तो तेच खोके भरत होता.
त्यावर माझ्या काकांचं नाव होतं.
मी सांगितलं नाही.

अंगणवाडीच्या छायाताईंनी एक पुस्तिका दिलेली,
ती मी गणिताच्या वहीत घालून वाचली.
ऐक.
चौदा वर्षांच्या आतल्या पोराला
असं मजुरीवर ठेवायचं नाही.
मारून नाही, लाडू देऊनही नाही.
सहा ते चौदा, शाळा फुकट,
दाखला नसला तरी,
जन्माचा कागद पुरात गेला असला तरी.
आणि नऊ वर्षांच्याला पहिलीत कोंबायचं नाही,
त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं,
राहिलेलं शिकवणं हे शाळेचं काम.

अजून एक पान होतं, ते मी दोनदा वाचलं.
कुणी नको तिथं हात लावला
तर त्यात चूक तुझी नसते.
विचारायला येणारे पोलीस
खाकी घालून येत नाहीत.
साध्या कपड्यांत येतात, तुझ्या घरी,
तुझ्या भरवशाचं माणूस शेजारी बसवून ऐकतात.
बघ, कायद्यानं कपड्यांचासुद्धा विचार केलाय.
आणि फोनचा नंबर: दहा, नऊ, आठ.
पैसे पडत नाहीत.
लपाछपीत उलटे आकडे मोजतो तसाच,
फक्त इथं लपायचं नाही, सापडायचं.

दुसऱ्या बैठकीत मी म्हणाले, "सगळं ठीक नाही."
आवाज चिमणीएवढा निघाला.
काका समोरच होते.
ते पंचायतीचे सदस्य आहेत, हे सांगायचं राहिलं.
चहावर साय धरली.
"मी मारतो काय त्याला? जेवू घालतो की!"
हेडसरांनी दाखला विचारला,
मी पुस्तिकेचं पान उघडून दिलं.
बिराप्पाची आई दारातच उभी होती.
म्हणाली, "त्येची मजुरी कोण देणार?"
याचं उत्तर मला पुस्तिकेत सापडलं नाही.
छायाताई तिला घेऊन बाहेर पायरीवर बसल्या,
अंधार पडेपर्यंत बोलत होत्या.

सोमवारपासून बिराप्पा चौथीत आहे.
शाळेतली खिचडी दोनदा घेतो.
मधल्या सुट्टीत आम्ही जोडाक्षरं करतो.
"हक्क"पाशी त्याची गाडी अडली.
"अक्का, ह्यो क मोडलाय का?"
मोडला नाही रे, अर्धा आहे.
शेजारच्या क ला टेकून उभा आहे.

काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
आईनं ताट जरा आपटूनच वाढलं.

काल त्यानं दप्तरातून
खोक्याचा फाटका पुठ्ठा काढला.
बोट ठेवून वाचला:
बे. दा. णा.
खालची ओळ: सं. प. त. रा. व.
"हे कोण गं?"
"माझे काका."
"म्हंजे मालक?"
मी मान हलवली.
तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला.
मग बोट पुढं सरकवून
आमचं आडनाव वाचायला लागला.