पट्टा न बांधता

करंगळीनं कधी काही केलं नाही.
पान धरलं नाही, जर्दा पसरला नाही, दोरा ओढला नाही.
अंगठा आणि शेजारची दोन बोटं
छत्तीस वर्षं दिवसाला हजार बिड्या वळत राहिली
आणि बधिर झाली तीच.

रात्री दोनला मुंग्या यायच्या.
मोरीशी उभी राहून हात झटकायचे मी,
बोटांना काही ओलं लागल्यासारखी.
पोचम्मानं आधीच सांगून ठेवलेलं :
कापताना नाही कळत गं राजमणी,
पण रक्त थांबवायला दंडाला पट्टा आवळतात.
हात राहिला बाजूला, दंडानं रडवलं मला.

सिन्नरहून पहिल्या गाडीनं निघाले.
शिंदे गावापाशी ऊन वर आलं,
द्वारकेला गाडी अडकली ती अडकलीच.
दातीर मॅडम म्हणाल्या होत्या, भाकरी खाऊन या.
ऑपरेशनला, भाकरी खाऊन!
मी दोनदा विचारून घेतलं.

सुई टोचली एकदाच. मग औषध हळूहळू,
कातडीखाली फुगवटा सरकत गेला.
आता अर्धा तास बसा.
बाकावर आम्ही चौघं, तळहात वर करून,
प्रसाद वाटणारा अजून यायचाय अशी.
शेजारी ओझरचा द्राक्षछाटणीवाला :
त्याचा अंगठा कात्रीनं खाल्ला, माझा दोऱ्यानं.
बघता बघता मनगट पांढरं पडलं.
"औषधानं रक्त आपणहून मागं सरतं,"
सिस्टर वळवी म्हणाल्या,
"बांधावं लागत नाही त्याला."

तरी टेबलावर मी विचारलंच, पट्टा कधी?
"पट्टा नाहीच, मावशी."

बांधणं मला कळतं.
दोरा सैल राहिला की बिडी छाटात जाते,
जास्त आवळला की पान फाटतं.
मॅडम म्हणाल्या, तुमची नस अशीच आवळलीय मनगटात.
मनात म्हटलं, इतकं घट्ट बांधणारी
कोण ही नवशिकी?

दिव्याखाली हिरव्या कापडातून बाहेर आलेला हात
दुसऱ्याच कुणा बाईचा वाटला.
पत्रा ठेवून पान कापताना होतो
तसा बारीक कर्र आवाज.
"आता बोटं मिटा. उघडा.
रोज करता ते करून दाखवा."

मी वळली एक.
पान नाही, जर्दा नाही.
टोक दुमडलं, दोऱ्याचे दोन वेढे दिले,
आणि आत काहीतरी पांढरं
मागंपुढं सरकलं, अडलं नाही.
मी पाहिलं नाही.
खोटं कशाला बोलू, एकदाच पाहिलं.
चेकरनं ती बिडी छाटात काढली नसती.

चालत बाहेर आले, डाव्या हातानं चहा प्याले.
नातवाला वाटलं, डॉक्टर रजेवर असतील.
रात्री दुखलं. जखमेचं दुखणं, साधं, ओळखीचं.
दोनला जाग आलीच, सवयीनं,
आणि मोरीशी जाऊन उभी राहिले.
झटकायला काही नव्हतं.

सूप तीन आठवडे भिंतीला टेकून.
कारखान्याच्या पुस्तकात माझं पान कोरं,
सून काही बोलत नाही, भांडी जरा जोरात ठेवते.

परवा सकाळी पेला उचलला
आणि अंगठा म्हणाला, गरम आहे.

करंगळीला ते पहिल्यापासून माहीत होतं.