वाघबीळ

ताडोबात तीन दिवस, सहा फेऱ्या.
जिप्सीच्या मागच्या सीटवर मफलरात नाक खुपसून
चितळ पाहिले, गवे पाहिले,
आणि धुळीत पावलाचा एक ठसा, ताजा.
गाईड म्हणाला, आत्ताच गेली, दहा मिनिटं झाली.
माझ्या बऱ्याच गोष्टी
दहाच मिनिटांनी चुकल्यात,
हे त्याला कशाला सांगू.

ठाण्याला उतरून रिक्षावाल्याला म्हटलं,
वाघबीळ नाका,
आणि शब्द तोंडातच अडला.
चौदा वर्षं लिहितेय हा पत्ता,
गॅसच्या नळीवाल्याला, कुरिअरवाल्याला.
बीळ नेमकं कुठं होतं?
आमच्या पोडियमखाली? स्विमिंग पूलखाली?

सकाळी येऊरच्या पाड्यावरून
बारकीबाई आली, शेवग्याच्या शेंगा घेऊन.
मोबाईलवरचा ठसा दाखवला तिला.
ओल्या बोटानं काच पुसत म्हणाली,
घाईत नव्हती ही. रमत गेलीय.
मग माझ्याकडे बघून,
पैसे भरून बघाया गेली व्हतीस?
आमी नारळ देतो त्याला,
दिसू नको म्हणून.

जुडी वीसची.
आज घासाघीस केली नाही मी.