मातीचा भाव

नवतपा लागला की दिवाकर हेडाऊचा फोन येतो
भर दुपारी, कूलरच्या आवाजावर ओरडत :
"खुशालभाऊ, पॅरिसात पाणी पडून रायलं.
माती जड होते का हलकी?"

मी सिव्हिल लाइन्सच्या क्लबात कोर्टवाला.
एकोणतीस उन्हाळे रोलर ओढला.
पॅरिस पाहिलं ते त्याच्याच मोबाइलवर, बोटाएवढं.
पण माती ती माती.
सांगतो, जड होते राजा,
चेंडू ओल पितो, फुगतो, उसळी मरते,
जोरात मारणाऱ्याचा खांदा भरून येतो
आणि जो नुसता परत पाठवत राहतो
त्याचं फावतं.
पलीकडे तो कुणाला तरी म्हणतो,
"त्या लंब्या सर्व्हिसवाल्याला चाळीस पैशांवरून साठवर ने."

म्हणजे माझ्या एका वाक्याचे वीस पैसे.
रुपयामागे.
रुपये किती, ते मी विचारलं नाही.

जुलैत गवताचं विचारतो.
गवत मला येत नाही.
आमच्याकडे गवत म्हणजे कूलरला लावलेली खस.
तरी एकदा सांगून टाकलं :
गवतावर चेंडू उठत नाही, सरकतो,
पहिला आठवडा हिरवा,
दुसऱ्यात मागच्या रेघेपाशी टक्कल पडतं,
आणि टकलावर उसळी निराळी.
हे मी क्रिकेटच्या पिचवरून ठोकलं होतं.
बरोबर निघालं.
संत्राबर्फीचा डबा आला.
बायकोला म्हटलं, मेंबरांनी दिला.

आता चार कोर्टं सिमेंटची, वर निळा रंग.
त्यांना माणूस लागत नाही, वायपर लागतो.
जेवढं मारलं तेवढं मिळालं, हिशेब सरळ.
दिवाकर म्हणतो, निळ्यावर धंदा नीट चालतो,
तुझ्या लालवर माणूस हरत हरत जिंकतो
अन् मला रात्रभर झोप नाही.

लाल आता एकच उरलं, चिंचेच्या बाजूचं.
त्याची एक खोड आहे.
चेंडू पडला की ते खूण धरून ठेवतं.
भांडण झालं तर पंच खुर्चीवरून उतरतो,
वाकतो, बोटानं गोल काढतो,
हा इथं पडला.
दिवाकरच्या धंद्यात असं काही राहत नाही.
चिठ्ठी जळते, सिमकार्ड नाग नदीत जातं,
पोरं आकडे तोंडपाठ ठेवतात
पावकी-निमकीसारखे.

परवा रात्री सदरातल्या फ्लॅटवर धाड पडली.
तीन पोरं सापडली, अकरा फोन.
तो नाही.

पहाटे पाचला मी कुलूप काढलं.
रात्री पाणी मारून, झाडणी ओढून
गुळगुळीत करून ठेवलेलं माझं कोर्ट,
त्यावर मागच्या भिंतीपासून
एका चपलेचे आणि एका अनवाणी पायाचे ठसे.
नेटपाशी थांबला असावा. टाचा खोल गेलेल्या.
नेटच्या पलीकडे दोन्ही पाय उघडे,
बोटं रुतलेली, धावणाऱ्याची.
चप्पल सर्व्हिसच्या चौकोनात उताणी पडली होती.
अंगठा शिवलेला. ती मी ओळखतो.

शेवटचा ठसा बेसलाइनला चिकटून होता.
मी वाकलो.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
बोटानं त्याच्याभोवती गोल काढला.
आत होता.

फाटकाशी बुलेट बंद झाली.
"काऊन हो, रात्री इकडून कोणी गेलं का?"
हवालदार निनावे. पोरगा त्याचा निळ्यावर खेळतो.
चप्पल माझ्या पाण्याच्या बादलीत होती तोवर.

थांबा साहेब, म्हटलं,
सहाच्या मेंबरांसाठी कोर्ट करायचं आहे.
आणि झाडणी धरून निघालो,
आधी नेटच्या पलीकडचा अर्धा, मग हा,
कडेनं सुरुवात, मग आत, आणखी आत, गोल गोल,
जसा रोज जातो.
तो जाळीला बोटं अडकवून बघत राहिला.

असं ओढलं की शेवटी
मधोमध आपण उरतो, झाडणी हातात.
तिथून बाहेर यायला
मी पाऊल टाकलं
आणि ते उमटलं.